मिठाचा पापुद्रा

५० मायक्रॉन हा आकडा महाराष्ट्रात भाजीवाल्यापासून महापालिकेच्या निरीक्षकापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. २००५ च्या जुलैमधल्या प्रलयात पिशव्यांनी तुंबलेली गटारं सगळ्यांनी पाहिली, आणि पुढच्या वर्षी राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घालणारे नियम केले. तोवर मायक्रॉन हे कारखान्यातलं माप होतं: मिलिमीटरचा हजारावा भाग. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांमध्ये फिल्म ओढणारी, तिच्यावर थर चढवणारी, ती चिरून रोल करणारी माणसं याच मापात दिवस काढतात. मी त्यांतलीच एक. राहते नायगावात, आणि चिकटपट्टीच्या एका कारखान्यात मालाची जाडी आणि वजन तपासते. खोक्यांना लावतात त्या साध्या तपकिरी पट्टीवर साधारण २० मायक्रॉन गोंद असतो. तो एकसारखा आहे की नाही हे पाहणं, ही माझी नोकरी.

तेवढ्याच जाडीचा आणखी एक थर आहे. त्याच्यामागे जगभरचे संशोधक पन्नास वर्षं लागले आहेत. घन बॅटरीतला पॉलिमर इलेक्ट्रोलाइट. सोप्या भाषेत सांगायचं तर मीठ विरघळवलेलं प्लॅस्टिक. त्याच्याबद्दल लिहिणारे रसायनशास्त्रापासून सुरुवात करतात आणि बहुधा तिथेच थांबतात. मला हा इतिहास दोन जुन्या धंद्यांचा वाटतो: मीठ वाळवणाऱ्यांचा आणि पातळ थान ओढणाऱ्यांचा. पहिला माझ्या घरात होता, दुसरा माझ्या हातात आहे. म्हणून तो इथून, नायगावातून लिहावासा वाटला.

आधी बॅटरीचं थोडक्यात. दोन ध्रुव असतात आणि त्यांच्यामध्ये इलेक्ट्रोलाइट. बॅटरी वापरताना लिथियमचे आयन त्यातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात, चार्ज करताना परत येतात. आपल्या फोनमध्ये हा इलेक्ट्रोलाइट द्रव असतो. लिथियमचा क्षार सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला, आणि तो द्रव एका सच्छिद्र फिल्ममध्ये मुरवलेला. हे द्रावक पेट घेतं. ऋण ध्रुवाला ग्रॅफाइट असतं. त्याच्या एका ग्रॅमची साठवणक्षमता, कागदावर मोजली तर, ३७२ मिलिअँपिअर-तास. ग्रॅफाइट काढून शुद्ध लिथियम धातू ठेवला तर तोच आकडा ३,८६० होतो. दहापट. एवढ्यावरच पुढचं सगळं वेड उभं आहे.

लिथियम धातूचा मोह नवा नाही. एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७६ मध्ये टायटॅनियम डायसल्फाइड आणि लिथियमची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी जगापुढे मांडली. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या मोली एनर्जी कंपनीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारातही आणल्या. १९८९ मध्ये जपानमध्ये त्यांतली एक फोनमध्ये पेटली आणि माल परत घ्यावा लागला. कारण पुढे सगळ्या पाठ्यपुस्तकांत आलं. चार्ज करताना लिथियम सपाट बसत नाही, त्याला काटे फुटतात. ते काटे द्रवातून वाढत पलीकडच्या ध्रुवाला टेकले की आतल्या आत शॉर्ट होतं, आणि भोवती पेटणारं द्रावक असतंच. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी आणली ती धातू बाजूला ठेवून, त्याच्या जागी कार्बन घेऊन. जगाने तो मार्ग धरला. धातूचा मार्ग मात्र काही लोकांनी सोडला नाही. त्यांचं म्हणणं असं की धातू बदलू नका, मधला द्रव काढून टाका.

द्रवाच्या जागी काय, याचं उत्तर इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये आधीच सापडलेलं होतं. १९६७ मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या चार्ल्स पेडरसन यांनी कड्याच्या आकाराचे ईथर रेणू बनवले. सोडियम-पोटॅशियमसारख्या धातूंचे आयन ते कड्यात पकडून ठेवत. पुढे १९८७ चं नोबेल त्या कामाला मिळालं. त्याच पार्श्वभूमीवर शेफील्डच्या पीटर राइट यांनी फेंटन आणि पार्कर या सहकाऱ्यांबरोबर १९७३ मध्ये एक छोटा निबंध छापला. कड्याऐवजी लांब साखळी: पॉलिएथिलीन ऑक्साइड. त्यांनी दाखवलं की या घन प्लॅस्टिकमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार विरघळतात. पाणी नाही, द्रावक नाही, तरी मीठ विरघळतं. १९७५ मध्ये राइट यांनी त्याची विद्युतवाहकता मोजून छापली. याच पदार्थाचं आखूड साखळीचं भावंड आपल्या औषधाच्या दुकानातल्या मलमांत असतं. इतका तो साधा, निरुपद्रवी पदार्थ आहे.

राइट यांच्या डोक्यात बॅटरी नव्हती. ती मिशेल आर्मां यांच्या डोक्यात होती. ग्रनोबलचे हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १९७८ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या परिषदेत उभे राहिले आणि म्हणाले, लिथियमचा क्षार घातलेलं हेच प्लॅस्टिक बॅटरीत इलेक्ट्रोलाइट म्हणून वापरा. ते लवचीक आहे, ध्रुवाला चिकटून बसतं, आणि त्याची फिल्म करता येते. फिल्म करता येते, हे तिसरं कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं. त्या काळात घन इलेक्ट्रोलाइट म्हणजे चिनी मातीच्या जातीचे ठिसूळ पदार्थ. फोर्ड कंपनीने १९६७ मध्ये बीटा-ॲल्युमिना पुढे आणला होता, तो त्यांतलाच. ते भट्टीत भाजावे लागत आणि पातळ केले की तडकत. आर्मां यांनी प्रश्न भट्टीतून काढला आणि रोलरवर आणून ठेवला.

प्लॅस्टिकमधून आयन जातो कसा, हे समजायला मला आमच्या मिठाच्या आगरातली माणसं उपयोगी पडली. गलबतात मीठ भरताना बांधावर रांग उभी राही आणि टोपली हातोहात पुढे सरके. जागा कुणी सोडत नसे, फक्त कमरेतून वळे. पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या साखळीत ठरावीक अंतरावर ऑक्सिजनचे अणू असतात. ते लिथियमच्या आयनाला धरतात, साखळी वळवळते, आणि आयन पुढच्या ऑक्सिजनच्या ताब्यात जातो. साखळी वळवळली तरच हे होतं. ती स्फटिकासारखी घट्ट रचून बसली तर सगळं थांबतं. आयन चालतात ते साखळ्यांच्या विस्कळीत भागातून, हे ग्रनोबलच्या संशोधकांनी १९८३ मध्ये चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने दाखवलं. खरी अडचण यातच होती, कारण आपल्या घरातल्या तापमानाला हे प्लॅस्टिक बरंचसं स्फटिकी असतं. ६५ अंशांच्या आसपास ते वितळतं आणि मग वाहकता शेकडो पटींनी वाढते. म्हणजे हा इलेक्ट्रोलाइट ६० ते ८० अंशांना काम करतो, आणि त्या तापमानाला तो इतका मऊ असतो की दाबला तर वाहू लागेल.

आता मिठाकडे येते. नायगाव स्टेशनच्या दोन्ही बाजूंना, खाडीपर्यंत, एके काळी मिठागरं होती. पूर्वेला जूचंद्र, दक्षिणेला खाडी ओलांडली की भाईंदर, सगळीकडे तोच धंदा. आज पूर्वेला जिथे मनोरे उभे आहेत तिथे काय होतं हे लोकलच्या खिडकीतून पाहिलेली माणसं अजून आहेत. माझ्या आजीने या वाफ्यांत काम केलं. पावसाळा संपला की बांध चिखलाने पुन्हा बांधायचे, वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीला उघाडीतून खाडीचं पाणी आत घ्यायचं. मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दर वेळी अधिक खारं होत जाई. शेवटच्या वाफ्यात पाणी अगदी उथळ ठेवत. जितका थर पातळ आणि पसारा मोठा, तितकं ऊन लवकर काम करतं. तळाशी दाणा धरला की तो ओढून बांधावर रास लावायची आणि पावसाच्या आत ती झाकायची. पायाच्या तळव्यांना मिठाने पडलेल्या भेगा तिच्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत. त्या धंद्याने किती जणांची घरं चालवली आणि किती जणांची शरीरं झिजवली, दोन्ही मी पाहिलं आहे. म्हणून मिठागरांच्या आठवणी नुसत्या गोड करून सांगणं मला जमत नाही.

त्या कामातलं एक ज्ञान मात्र बॅटरीच्या कारखान्यात जसंच्या तसं लागू पडतं: मीठ पाणी ओढतं. समुद्राच्या पाण्यातून आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग आपलं मीठ, आणि मागे उरतं ते कडू पाणी. त्यात मॅग्नेशियम असतं. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मिठाला जूनमध्ये पाझर फुटतो. वाफा कधी सोडायचा हे जाणत्या आगऱ्याला पाण्याच्या रंगावरून आणि बोटांमधल्या चिकटपणावरून कळे. लिथियमचे क्षार याहून हावरे. आर्मां यांनी पुढे १९८० च्या दशकात या कामासाठी लिथियम टीएफएसआय नावाचा नवा क्षार आणला. त्याचा ऋण आयन मोठा आणि ढिला, त्यामुळे लिथियम त्याच्यापासून सहज सुटतं आणि साखळ्याही घट्ट रचून बसत नाहीत. हा क्षार उघड्यावर ठेवला तर हवेतलं पाणी पीत राहतो, आणि ते पाणी लिथियम धातूला खातं. म्हणून हे काम कोरड्या खोलीत करावं लागतं. तिथली हवा इतकी सुकी ठेवतात की तिच्यात दव पडायला उणे ४० अंश किंवा त्याहून खालचं तापमान लागावं. जुलैत वसईच्या गाळ्यात गोंदाचा ओव्हन चालवताना कागदाच्या कडा कशा वर उचलतात हे मला माहीत आहे. अशा हवेच्या गावात कोरडी खोली राखायची तर विजेचं बिल काय येईल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता जाडीचं गणित. ते न समजता या इतिहासातली धडपड समजत नाही. या प्लॅस्टिकची वाहकता गरम असतानाही द्रवाच्या मानाने कमी. दर सेंटिमीटरला एक दशसहस्रांश सीमेन्स धरा. १०० मायक्रॉनचा थर घेतला तर एका चौरस सेंटिमीटरला १०० ओहमचा अडथळा येतो. तेवढ्या जागेतून एक मिलिअँपिअर प्रवाह काढला की व्होल्टचा दहावा हिस्सा वाटेतच जातो. थर १० मायक्रॉन केला की हे नुकसान व्होल्टच्या शंभराव्या हिश्श्यावर येतं. रसायन तेच, क्षार तोच, फक्त थर पातळ. वजनाचंही तसंच. १०० मायक्रॉनच्या एका चौरस मीटरचं वजन साधारण १२० ग्रॅम, १० मायक्रॉनच्या तेवढ्याच तुकड्याचं १२. बॅटरीत इलेक्ट्रोलाइट हा नुसता हमाल आहे, त्यात ऊर्जा साठत नाही. हमाल जितका हलका तितकी गाडी लांब जाते.

पातळ केल्याची किंमतही मोजावी लागते. आमच्या पट्टीत गोंदाच्या थराला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तर गिऱ्हाईक तक्रार करतं, माल परत येतो, एवढंच. इथे पिनहोल म्हणजे दोन ध्रुवांची गाठ. हवेचा बुडबुडा, न विरघळलेला क्षाराचा कण, रोलरवर चिकटलेला धुळीचा ठिपका, टेन्शन कमी-जास्त झाल्याने आलेली सुरकुती, यांतलं काहीही पुरतं. एक किलोमीटर लांबीच्या रोलमध्ये अशी एकही जागा राहू द्यायची नाही. हे रसायनशास्त्राच्या पदवीने येत नाही. मशीनजवळ उभं राहून येतं.

म्हणूनच मला या सगळ्या कथेत ब्रिटनीच्या कागदवाल्यांचं प्रकरण सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, कँपेर शहराजवळ, ओदे नदीच्या काठी १८२२ मध्ये एक कागद गिरणी सुरू झाली. ती बोलोरे घराण्याची. पुढे कास्कादेक इथे दुसरी गिरणी आली. ओदे, कास्कादेक आणि बोलोरे या तीन नावांची आद्याक्षरं जोडून जो सिगारेटचा कागद विकला गेला तो ओसीबी जगभरच्या पानटपऱ्यांवर पोचला. अतिपातळ कागद ही त्या घराण्याची खासियत. सिगारेटचा, बायबल छापायचा, आणि विजेच्या कपॅसिटरमध्ये दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये ठेवायचा. कपॅसिटरचा कागद जाऊन पॉलिप्रॉपिलीनची फिल्म आली तेव्हा कागद ओढणारी तीच गिरणी काही मायक्रॉनची फिल्म ओढू लागली आणि त्या धंद्यात जगात अग्रेसर झाली.

आणि मग १९९० च्या दशकात त्यांनी बॅटरीला हात घातला. इथे मी वाचता वाचता थांबले होते, कारण ही उडी बाहेरून विचित्र दिसते आणि आतून अगदी सरळ आहे. कपॅसिटरच्या फिल्मचं काम असतं वीज अडवण्याचं. पॉलिमर इलेक्ट्रोलाइटचं काम आयनांना वाट देण्याचं. काम उलटं, पण बनवायची वस्तू एकच: लांबच लांब, एकसारखी, बिनछिद्राची, काही मायक्रॉनची फिल्म. रसायन विकत घेता येतं, परवान्याने मिळतं. पातळ ओढायचा हात पिढ्यांनी तयार होतो. त्यांनी द्रावकात विरघळवून ओतण्याऐवजी पॉलिमर आणि क्षार गरम करून एक्स्ट्रूडरमधून काढायची पद्धत बसवली. आपल्याकडे पिशवीची फिल्म काढतात त्याच कुळातली. द्रावक नाही म्हणजे ते वाळवायचा ओव्हन नाही, आणि थरात अडकून राहिलेलं द्रावक पुढे लिथियमशी भांडण्याची भीतीही नाही.

अटलांटिकच्या पलीकडे कॅनडात हायड्रो-केबेक ही सरकारी वीज कंपनी याच पॉलिमरवर आर्मां यांच्याबरोबर १९८० च्या सुमारापासून काम करत होती. तिच्या भागीदारीतली ॲव्हेस्टर ही कंपनी टेलिफोनच्या रस्त्याकडेच्या पेट्यांसाठी बॅटऱ्या बनवत होती. ती २००६ मध्ये बंद पडली आणि पुढच्या वर्षी तिची मालमत्ता बोलोरेंनी घेतली. त्यामुळे आजही ब्लू सोल्यूशन्स या त्यांच्या कंपनीचा एक कारखाना ब्रिटनीत, दुसरा केबेकमधल्या बूशरव्हिलमध्ये आहे.

डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसमध्ये ऑटोलिब नावाची भाड्याच्या विजेच्या गाड्यांची योजना सुरू झाली. प्रत्येक ब्लूकारमध्ये ३० किलोवॅट-तासांची लिथियम धातू आणि पॉलिमरची बॅटरी. हजारो सामान्य माणसांनी त्या चालवल्या. आज घन बॅटरीच्या बातम्या भविष्यकाळात छापतात, पण पॅरिसच्या रस्त्यावर त्या पंधरा वर्षांपूर्वी धावत होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. अर्थात उणिवा होत्या. बॅटरी सतत गरम ठेवावी लागे, म्हणून उभी गाडीही विजेला जोडलेली बरी. योजना तोट्यात गेली आणि जुलै २०१८ मध्ये बंद झाली. बॅटऱ्या पुढे बसमध्ये गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसात अशा दोन बसना आग लागली आणि तिथल्या परिवहन संस्थेने त्या जातीच्या १४९ बस काही काळ रस्त्यावरून काढल्या. घन म्हणजे आपोआप सुरक्षित, असं म्हणणाऱ्याने एवढी घटना लक्षात ठेवावी. लिथियम धातू तो धातूच आहे.

फोनच्या बॅटरीवर ‘ली-पो’ लिहिलेलं असतं, त्यावरून फसू नये. त्यात द्रव असतोच, कधी जेलमध्ये मुरवलेला, बाहेर मऊ पाकीट. राइट आणि आर्मां यांचं कोरडं प्लॅस्टिक ते नव्हे.

मऊपणाचं काय करायचं, यावर पुढे बरंच काम झालं. २००५ मध्ये चार्ल्स मन्रो आणि जॉन न्यूमन यांनी गणिताने मांडलं की मधला थर लिथियमहून सुमारे दुप्पट ताठ असेल तर काटे दबतील. मग एका बाजूने ताठ आणि दुसऱ्या बाजूने वाहक अशी जोडसाखळी करायची कल्पना आली. बर्कलीचे नितश बालसारा यांनी तिच्यावर सीओ ही कंपनी उभी केली. २०१५ मध्ये बॉशने ती घेतली, पण २०१८ मध्ये बॉशनेच स्वतः सेल बनवायचा विचार सोडून दिला. माझ्या मते अधिक कारागिरीचं उत्तर २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या यी क्वी यांच्या गटाने दिलं. त्यांनी वाहक पॉलिमरला ताठ करायचा नाद सोडला. ८.६ मायक्रॉनची पॉलिइमाइडची फिल्म घेतली, जी सहज पेट घेत नाही आणि फाटत नाही. तिला आरपार, सरळ उभी, अतिसूक्ष्म छिद्रं पाडली आणि त्यांत पॉलिएथिलीन ऑक्साइड आणि लिथियमचा क्षार भरला. ताकद एकाची, वाट दुसऱ्याची. आयनाला सरळ रस्ता मिळाला, आणि काटा वाटेत आला तर त्याला ताठ फिल्म आडवी आली. जाडी मोजायची सवय असलेल्या माणसाला त्या ८.६ मधला दशांशही दिसतो. पॉइंट सहा मायक्रॉनपर्यंत खात्रीने सांगायचं म्हणजे मोजणाऱ्याने किती जागी मोजलं असेल!

आपल्याकडे घन आयनिक पदार्थांचं काम जुनं आहे. बनारस हिंदू विद्यापीठात सुरेश चंद्र यांनी १९८१ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात के. सिंग आणि एस. एस. भोगा यांनी अनेक वर्षं या पदार्थांवर विद्यार्थी घडवले. पवईच्या आयआयटीत सागर मित्रा यांचा गट घन बॅटऱ्यांवर काम करतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने इंधनघटासाठी पॉलिमरच्या पातळ पडद्यांवर काम केलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवरची बस दाखवण्यात आली ती त्याच वाटेवरची. तिथेच आयसर ही संशोधनसंस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. पाधी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं १९९७ च्या त्या निबंधावर आहेत ज्यात अमेरिकी शास्त्रज्ञ गुडइनफ यांच्याबरोबर लोह-फॉस्फेटचा धन ध्रुव पहिल्यांदा मांडला गेला. पॉलिएथिलीन ऑक्साइडला चार व्होल्टच्या पुढचा दाब सोसत नाही. म्हणून त्याच्याशी ज्याचं पटतं तो ध्रुव नेमका हाच.

डोकी आहेत, प्रयोगशाळा आहेत. कमी आहे ती मधली पायरी. प्रयोगशाळेत पॉलिमरची फिल्म बहुधा काचेच्या बशीत ओततात, रात्रभर वाळवतात, आणि जो तुकडा सोलून निघतो तो शंभर मायक्रॉनच्या घरातला असतो. त्यातून बटणाएवढे सेल होतात. त्या बशीपासून हजार मीटरच्या रोलपर्यंतचं अंतर कोण कापणार? ते ब्रिटनीत कागदवाल्यांनी कापलं. आमच्या वसई पूर्वेला २० मायक्रॉनचा थर रोज चढतो. वेब, म्हणजे मशीनवरून धावणारी फिल्म, सरळ कशी चालवायची, डायच्या ओठात कण अडकला की रेघ कुठे पडते, रोलच्या मधोमध आणि कडेला जाडी का बदलते, हे सांगणारी माणसं सातवी-आठवी शिकलेली आहेत आणि ती चुकत नाहीत. आमच्याकडे कोरडी खोली नाही, लिथियम कुणी पाहिलेलं नाही, हे खरं. पण हात आहे. पवईहून वालीवला यायला लोकल आणि रिक्षा पुरते. ती वाट कुणीतरी चालावी असं मला फार मनापासून वाटतं.

आणि लिथियम येतं कुठून? बरंचसं दक्षिण अमेरिकेतल्या मिठागरांतून. चिलीतल्या आताकामा वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठमोठ्या वाफ्यांत सोडतात आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उन्हात आटवतात. जानेवारी २०२४ मध्ये काबिल या भारत सरकारच्या कंपनीने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात अशा खाऱ्या पाण्याचे पाच पट्टे शोधकामासाठी घेतले, मिळून १५,७०३ हेक्टर. तिथली पद्धत वाचताना मला प्रत्येक वाफा ओळखीचा वाटला. फक्त हिशेब उलटा. आमच्याकडे मीठ गोळा करायचं आणि मागे उरलेलं कडू पाणी खाडीला सोडून द्यायचं. तिथे आधी पडलेलं सोडियमचं मीठ बाजूला ढिगारे करून टाकतात, मग पोटॅशियम काढतात, आणि जपतात ते शेवटी उरलेलं पाणी, कारण लिथियम त्यात गोळा झालेलं असतं. समुद्राच्या हजार लिटर पाण्यात लिथियम जेमतेम ०.१७ ग्रॅम, म्हणून नायगावच्या कडू पाण्यातून ते काढणं कुणाला परवडलं नसतं. पण वाफा किती उथळ ठेवायचा, कोणत्या घडीला पाणी पुढे सोडायचं, पाऊस आला तर काय वाचवायचं, ही समज दोन्हीकडे एकच.

त्या पाण्यातून लिथियमचा क्षार निघतो, तो वितळवून त्यातून वीज सोडली की धातू मिळतो. तो चाकूने कापता येईल इतका मऊ असतो आणि रोलरला चिकटतो. कोरड्या खोलीत दाबत दाबत त्याचा पत्रा करतात, तोही दोन आकडी मायक्रॉनचा, आणि तो पॉलिमरच्या फिल्मवर बसवतात. पत्रा जितका पातळ तितका ताणाला नाजूक. टेन्शन थोडं वाढलं की फाटतो, कमी पडलं की सुरकुततो, आणि सुरकुती पडलेल्या जागी पुढे काटा उगवतो. रोल चालू असताना ते टेन्शन कुणाला तरी सतत बघत राहावं लागतं.